ऊन पाण्याचे नळ भिंतींत कसे दडवावे?

घर बांधावयास काढलें म्हणजे पाया किती खोल घ्यावा, दार कोणत्या दिशेस ठेवावें, छत कशाचें घालावें, याविषयीं घरांतील लहानथोर सर्वजण आपापलें मत देतात. परंतु भिंतीच्या पोटांतून पाण्याचा नळ कसा व कोठून न्यावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तें काम प्लंबर व गवंडी या दोघांवर सोंपविलें जातें. आणि एकदां गिलावा होऊन रंग बसला, कीं नळ कोठें आहे हें घरधन्यासही आठवेनासें होतें. पुढें केव्हां तरी न्हाणीघराच्या भिंतीवर ओल दिसूं लागते, फरशा सुटूं लागतात, आणि छिन्नी-हातोडा घेऊन चांगली भिंत फोडण्याचा प्रसंग येतो.

आपल्या बीड जिल्ह्यांत हा प्रश्न आतां घरोघरीं येऊन पोंचला आहे. दगडमातीच्या भिंती व वर माळवद, अशीं घरें मागें पडून त्यांच्या जागीं विटा व सिमेंट यांचीं घरें उभीं राहात आहेत. मराठवाड्यांत ऊन मुबलक. तेव्हां गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणारें यंत्र, म्हणजे लोकांच्या भाषेंत 'सोलर', बसविण्याची चाल पडली आहे. त्या यंत्रापासून खालच्या न्हाणीघरापर्यंत ऊन पाणी आणावयाचें तें भिंतीतूनच. ज्यांच्या घरचीं माणसें दरसाल सहा-सहा महिने परमुलखांत ऊस तोडण्यास जातात, अशीं हजारों कुटुंबें या जिल्ह्यांत आहेत. त्यांनीं पोटास चिमटा घेऊन बांधलेल्या घराची भिंत एका सांध्याच्या हलगर्जीपणामुळें खराब व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून या विषयाचें शास्त्र व व्यवहार या दोन्ही अंगांनीं थोडें विवेचन करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्वपीठिका

भिंतींतून उष्णता खेळविण्याची युक्ति फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचलून धरीत. बाहेरच्या बाजूस भट्टी पेटविली म्हणजे तिचा ऊन धूर व वारा त्या पोकळींतून फिरे आणि पुढें भिंतींत बसविलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांतून वर चढे. त्यामुळें पायाखालची फरशी व चहूंकडच्या भिंती सारख्या तापत. धूर मात्र खोलींत येत नसे. या योजनेस 'हायपोकॉस्ट', म्हणजे खालून तापविलेलें, असें नांव होतें. सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्यानें (मृत्यु इ. स. ६५) आपल्या एका पत्रांत भिंतींत बसविलेल्या अशा नळ्यांचा उल्लेख केला असून ही युक्ति आपल्याच आठवणींतील आहे, असें म्हटलें आहे. त्याच शतकांत आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवाचें, म्हणजे त्या वेळच्या 'तगर' नगराचें नांव पाश्चात्य व्यापाऱ्यांच्या प्रवासग्रंथांत आढळतें. म्हणजे ज्या लोकांशीं आपल्या या भागाचा व्यापार चालत होता, तेच लोक आपल्या घरीं भिंती तापवीत होते, हें ध्यानांत घेतल्यास हा इतिहास तितका दूरचा वाटणार नाहीं.

कोरिया देशांतील 'ओंडोल' हीही याच जातीची रीति. तेथें स्वयंपाकाच्या चुलीचा धूर जमिनीखालील वाटांनीं शेजारच्या खोलीखालून नेत व मग धुराड्यानें बाहेर सोडीत. एकाच जाळावर अन्न शिजे व निजण्याची जागाही ऊब देई. आपल्या देशांत मोंगल बादशहांनीं हमाम बांधले. दिल्लीच्या लाल किल्ल्यांतील हमामांत पाणी तापविण्याची योजना पश्चिमेकडील भिंतींत केलेली आहे. दौलताबादच्या किल्ल्यांतही शाही हमामाची इमारत आहे. सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ती अवश्य पाहावी.

भिंतींत धुराऐवजीं ऊन पाणी फिरविण्याची कल्पना अलीकडची. इंग्लंडांत बार्कर नांवाच्या अभियंत्यानें इ. स. १९०७ च्या सुमारास असें दाखवून दिलें, कीं बारीक नळ्या गिलाव्यांत किंवा काँक्रिटांत पुरून त्यांतून ऊन पाणी फिरविल्यास सबंध भिंत वा छत मंद तापतें व खोलीस सुखकर ऊब मिळते. थंड देशांत आज लक्षावधि घरें या तऱ्हेनें उबदार ठेवलीं जातात. आपल्याकडे खोली तापविण्याची आवश्यकता नाहीं. आपणांस केवळ स्नानापुरतें ऊन पाणी हवें असतें. तथापि नळ भिंतींत पुरला म्हणजे जे प्रश्न तेथें उद्भवतात, तेच येथेंही उद्भवतात.

आपल्या भूमीवरील धडे

दडविलेल्या पाण्याच्या वाटा कशा कराव्या, हें शिकण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. बीड शहराच्या दक्षिणेस कांहीं किलोमीटरांवर खजाना विहीर आहे. निजामशाहींतील सरदार सलाबतखान यानें ती इ. स. १५८२ च्या सुमारास बांधविली. बांधणारा शिल्पज्ञ राजा भास्कर होता, असें सांगतात. या विहिरीचें पाणी मोटेनें उपसावें लागत नाहीं. भूमीखालील भुयारी वाटेनें तें आपल्या उतारानेंच दूरच्या शेतांत जातें. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील पाणचक्की हें दुसरें उदाहरण. तेथें कांहीं किलोमीटर दूर असलेल्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांनीं भूमीखालून आणिलें असून तें एका उंच भिंतीच्या पोटांतून वर चढतें व तेथून हौदांत पडतें. पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत चढूं पाहतें, हा पाठ्यपुस्तकांतील सिद्धांत त्या भिंतीपाशीं डोळ्यांनीं पाहावयास सांपडतो. तिसरें उदाहरण पुण्याचें. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांतून शहरांत पाणी आणिलें. त्या वाटेवर जागोजागीं 'उसासे' म्हणजे हवा बाहेर पडण्याचीं तोंडें ठेविलीं होतीं.

या जुन्या कामांपासून आपणांस तीन नियम मिळतात. पहिला असा, कीं नळाचा उतार किंवा चढ एकसारखा असावा. मध्येंच उंचवटा ठेवूं नये. उंचवट्यांत हवा कोंडते व पाण्याची वाट अडते. गच्चीवरील टांकीच्या पाण्यास जोर थोडा असतो. त्यामुळें ऊन पाण्याचा नळ एकदां दारावरून वर व पुन्हां खालीं असा वळविला तर पुष्कळदां पाणी येतच नाहीं व लोक यंत्रास दोष देतात. दुसरा नियम असा, कीं हवेस वाट ठेवावी. सोलरच्या टांकीवर जी एक उघडी उभी नळी असते ती शोभेची नव्हे. तोच तिचा उसासा होय. ती कोणी 'त्यांतून पाणी सांडतें' म्हणून बुजविली, तर वाफेस व हवेस मार्ग न राहून टांकी फुगण्याचा, किंवा पाणी उतरतांना आंत चेपण्याचा संभव असतो. तिसरा नियम असा, कीं दडविलेल्या वाटेस तपासणीचें तोंड असावें. आपल्या पूर्वजांनीं नळ लपविले. परंतु ते पुन्हां सांपडूं नयेत अशा रीतीनें लपविले नाहींत.

बंब आणि सोलर

सोलर येण्यापूर्वीं आपल्या घरांतून तांब्याचा बंब असे, आणि पुष्कळ घरीं तो अजूनही आहे. बंबाची रचना बुद्धिमान आहे. मधोमध एक उभी नळी. तिच्यांत खालून जाळ. आणि नळीभोंवतीं पाणी. तापलेली नळी पाण्यानें चहूंबाजूंनीं वेढलेली असल्यामुळें उष्णता फारशी वायां जात नाहीं. येथें आगीची नळी पाण्यांत दडलेली असते. सोलरमध्यें याच्या उलट: पाण्याची नळी उन्हांत असते. काळ्या रंगाच्या पृष्ठभागानें उष्णता शोषिली जाते, आंतील पाणी तापून हलकें होतें व वरच्या टांकींत चढतें, आणि गार पाणी जड असल्यामुळें त्याची जागा घेण्यास खालीं येतें. पंपावांचून हें चक्र दिवसभर चालतें. सायंकाळीं टांकी ऊन पाण्यानें भरलेली असते व तिच्याभोंवतीं जाड आवरण असल्यामुळें सकाळपर्यंत तें पाणी ऊन राहतें.

परंतु टांकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या नळांत उरलेलें पाणी मात्र रात्रींत निवतें. सकाळीं प्रथम नळ सोडला म्हणजे गार पाणी येतें व तें पुष्कळ घरीं मोरींत सोडून दिलें जातें. तें किती असतें याचा हिशेब विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. आंतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळांत दर मीटर लांबीस सुमारें ३१४ मिलिलिटर पाणी मावतें. नळ १५ मीटर लांब असल्यास हें पाणी ४.७ लिटर होतें. म्हणजे महिन्यास सुमारें १४० लिटर. हाच नळ १५ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर दर मीटरास सुमारें १७७ मिलिलिटर, म्हणजे महिन्यास सुमारें ८० लिटर पाणी होतें. ज्या जिल्ह्यानें १९७२ चा दुष्काळ सोसला आणि ज्यास २०१३ व २०१६ सालीं टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले, त्या जिल्ह्यांत हा हिशेब क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. न्हाणीघर शक्यतों सोलरच्या खालींच योजावें. एका नळावर एकच तोटी असेल तेथें नळ वाजवीपेक्षां रुंद घेऊं नये. आणि पहिलें गार पाणी बादलींत धरून तें भांड्यांकडे, झाडांकडे वा गोठ्याकडे लावावें.

ऊन नळाचे चार शत्रु

गार पाण्याच्या नळापेक्षां ऊन पाण्याच्या नळाची निगा अधिक ठेवावी लागते. त्याचे मुख्य शत्रु चार आहेत.

पहिला शत्रु म्हणजे प्रसरण. उष्णतेनें पदार्थ वाढतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण किती वाढतो? सकाळीं २० अंशांवर असलेला नळ ६० अंशांचें पाणी येतांच ४० अंशांनीं तापतो. तीन मीटर लांबीचा लोखंडी नळ यानें सुमारें दीड मिलिमीटर वाढतो, तांब्याचा सुमारें दोन. परंतु हल्लीं सर्वत्र वापरला जाणारा सीपीव्हीसी जातीचा प्लास्टिकचा नळ सुमारें आठ मिलिमीटर वाढतो. हा नळ सिमेंटांत गच्च आवळून पुरला, तर रोज वाढण्याची व आंखडण्याची त्याची धडपड कोपऱ्यावरील सांध्यांवर येऊन पडते. वर्षानुवर्षें असें झालें म्हणजे सांधा ढिला होतो किंवा गिलाव्यास बारीक भेग पडते. म्हणून ऊन नळावर मऊ, फुगीर रबरी आवरण चढवूनच तो भिंतींत बसवावा. या आवरणाचे उपयोग दोन: नळास हालण्यास थोडी जागा राहते, आणि पाण्याची उष्णता भिंत पिऊन टाकीत नाहीं.

येथें नळाच्या जातीविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. गार पाण्यासाठीं मिळणारा साधा पीव्हीसीचा नळ ऊन पाण्यास वापरूं नये. तो उष्णतेनें नरम पडतो. सीपीव्हीसीचा नळ सुमारें ९३ अंशांपर्यंतची उष्णता सहन करण्याजोगा केलेला असतो व त्यावर भारतीय मानकाचा १५७७८ हा अंक छापलेला असतो. दोहोंचीं नांवें सारखीं असल्यामुळें फसगत होते. म्हणून विकत घेतांना अंक वाचून घ्यावा.

दुसरा शत्रु म्हणजे क्षार. आपल्या भागांत काळा पाषाण असून विहिरींचें व विंधनविहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड आहे. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं. अशा पाण्यांत कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळलेला असतो. पाणी तापतांच त्याचें पृथक्करण होऊन न विरघळणारा कार्बोनेट तयार होतो व तो पांढऱ्या खडूसारखा नळाच्या आंतल्या अंगास चिकटतो. चहाच्या भांड्यांत जें पांढरें पूट दिसतें तेंच हें. गार नळापेक्षां ऊन नळांत तें लवकर बसतें, आणि नळ भिंतींत असल्यामुळें दिसत नाहीं. तोटीची धार मात्र दिवसेंदिवस बारीक होत जाते. त्यास्तव टांकीच्या तोंडाशीं व नळाच्या खालच्या टोंकाशीं उघडतां येण्याजोगे सांधे ठेवावे, म्हणजे वेळोवेळीं धुणें शक्य होतें.

तिसरा शत्रु म्हणजे गंज. लोखंडी नळास जस्ताचा मुलामा असतो, पण ज्या टोंकांस आंटे पाडावे लागतात तेथें मुलामा कापला जातो. म्हणून नळ सर्वप्रथम आंट्यांपाशीं गंजतो. भिंतीच्या आंत आंट्याचे सांधे जितके कमी तितकें बरें.

चौथा शत्रु म्हणजे थेंब. एका सेकंदास एक थेंब गळाला तर दिवसास सुमारें चार लिटर व महिन्यास सव्वाशें लिटरांहून अधिक पाणी जातें. उघड्या तोटींतून गळलें तर तें कानास ऐकूं येतें. भिंतींत गळलें तर तें भिंत मुकाट्यानें पिते. आणि भिंतीनें प्यालेलें पाणी पुढें पायाशीं उतरतें. आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ ठिकाणीं काळी माती आहे. ही माती ओली झाली म्हणजे फुगते व सुकली म्हणजे भेगाळते. उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहतोंच. घराचा एक कोपरा गळतीनें ओला व बाकीची जमीन सुकी राहिली, तर तो कोपरा उचलला जाऊन भिंतीस तिरप्या चिरा पडतात. तेव्हां थेंबाचा प्रश्न केवळ पाण्याचा नसून घराच्या आयुष्याचा आहे.

भिंतीची सोसण्याची मर्यादा

नळ पुरण्यासाठीं भिंतींत जो खांचा पाडतात तो पाडतांना भिंत किती सोसूं शकेल याचा विचार केला पाहिजे. भारतीय मानकांत यासाठीं सोपा नियम दिलेला आहे: उभा खांचा भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून अधिक खोल नसावा, आणि आडवा खांचा एक-षष्ठांशाहून अधिक खोल नसावा. आडव्यास मर्यादा कडक असण्याचें कारण उघड आहे. भिंतीचा भार वरून खालीं येतो. उभा खांचा त्या भाराच्या वाटेस समांतर राहतो, आडवा खांचा ती वाट कापतो.

नऊ इंची भिंतींत या नियमानें उभा खांचा तीन इंच व आडवा दीड इंच खोल चालतो. परंतु साडेचार इंची भिंतींत उभा दीड इंच व आडवा केवळ पाऊण इंच. अर्ध्या इंची म्हणून ओळखला जाणारा सीपीव्हीसीचा नळ बाहेरून अर्ध्या इंचाहून अधिक जाड असतो. त्यावर आवरण चढविलें म्हणजे पाऊण इंचांत तो मावणें अशक्य. अर्थात् साडेचार इंची भिंतींत ऊन नळ आडवा नेऊं नये. तो वरूनच सरळ उभा तोटीपर्यंत उतरवावा. खांब, तुळई आणि दारांखिडक्यांवरून जाणारा सलोह काँक्रिटचा पट्टा यांस तर छिन्नी लावूंच नये.

हा इशारा कागदी नव्हे. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे शेजारच्या लातूर व धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथील भिंती जाड होत्या, पण त्या दगड व माती यांच्या दुपदरी असून दोन्ही पदरांस जोडणारे आरपार दगड त्यांत पुरेसे नव्हते. वर माळवदाचा मोठा भार होता. धक्का बसतांच पदर सुटले आणि घर माणसांवर आलें. पुढें बांधलेल्या घरांत चौफेर काँक्रिटचे पट्टे घालण्यांत आले ते भिंतींनीं एकमेकींस धरून राहावें म्हणून. असा पट्टा नळासाठीं तोडणें म्हणजे पोत्याची शिवण उसवण्यासारखें आहे.

ज्यांचें घर अद्याप दगडमातीचें आहे त्यांनीं भिंतींत पाण्याचा नळ मुळींच पुरूं नये. मातीच्या भिंतीस पाण्याइतका घातक दुसरा शत्रु नाहीं. अशा घरीं नळ बाहेरून, भिंतीपासून दोन बोटें दूर, कड्यांवर बसवावा. दिसण्यास बरें वाटत नसेल तर त्यावर लांकडाची किंवा पत्र्याची काढतां येणारी पेटी बसवावी. जुन्या घरांत फडताळें व कोनाडे असतात. त्यांच्या आडोशानेंही नळ नेतां येतो.

काम कसें करून घ्यावें

पालकांच्या सोयीसाठीं कामाचा क्रम थोडक्यांत देतों. प्रथम भिंतीवर खडूनें नळाची वाट आंखून पाहावी. ती उभी व आडवी असावी, तिरपी नसावी, म्हणजे पुढें खिळा ठोकतांना तोटीवरून नळाचा अंदाज बांधतां येतो. विजेच्या तारा व पाण्याचा नळ एकाच खांच्यांत घालूं नयेत. खांचा शक्य तेथें यंत्रानें कापून घ्यावा. घणाच्या ठोक्यांनीं विटा आंतून सैल होतात. सांधे जोडल्यावर चिकटविणारा द्रव वाळण्यास पुरता अवकाश द्यावा.

मग सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणजे दाबाची परीक्षा. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागें दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम दाब असतो. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरील टांकीचा दाब तळमजल्यावर एक किलोग्रॅमाहूनही कमी भरतो. नळाचीं सर्व तोंडें बंद करून हातपंपानें नेहमींच्या दाबाच्या निदान दीडपट दाब द्यावा आणि दाबमापकाचा कांटा दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतो कीं काय हें पाहावें. कांटा जागचा हालला नाहीं, तरच गिलाव्यास अनुमति द्यावी. गवंडी घाई करील. 'आजच गिलावा उरकूं' असें म्हणेल. परंतु येथें एक दिवसाचा धीर पुढील वीस वर्षांचा त्रास वांचवितो.

गिलाव्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र घ्यावें. हल्लीं हातोहातीं मोबाईल असल्यामुळें यास पैसाही लागत नाहीं. भिंतीशेजारीं मोजपट्टी उभी धरून चित्र घेतल्यास कोपऱ्यापासून नळ किती अंतरावर आहे तेंही कळतें. शाळेंत भूमिति शिकणाऱ्या मुलांनीं त्यावरून घराचा नळ-नकाशा काढून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा; त्यांनीं शिकलेल्या प्रमाणाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल. तसेंच ऊन नळाच्या आरंभीं एक बंद करण्याची चावी असावी. गळतीचा संशय आल्यास रात्रीं सर्व तोट्या मिटून टांकीच्या पाण्याची पातळी खुणावून ठेवावी, आणि ज्या नळानें टांकी भरते तोही बंद ठेवावा. सकाळीं पातळी उतरली असेल तर भिंतीस तहान लागली आहे असें समजावें.

आणखी एक गोष्ट जिवाच्या काळजीची म्हणून सांगतों. कांहीं घरीं सोलरऐवजीं गॅसवर पाणी तापविणारें यंत्र न्हाणीघरांतच बसवितात. बंद न्हाणीघरांत गॅस जळतांना हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. स्नान करणारा मनुष्य कळण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. असें यंत्र न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत असावें व आंत केवळ ऊन पाण्याचा नळ यावा. रोमन लोकांनीं धूर भिंतीतून खेळविला, पण खोलींत येऊं दिला नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींचा हा विवेक आपण विसरूं नये.

उपसंहार

नळ दडवावा कीं उघडा ठेवावा, याचें एकच उत्तर सर्व घरांस लागू पडणार नाहीं. भिंत पक्की व जाड असेल, नळ योग्य जातीचा असेल, परीक्षा नीट झाली असेल व नकाशा जपून ठेविला असेल, तर नळ खुशाल दडवावा. घर नीटनेटकें दिसतें, नळास ऊन-वारा व धक्का लागत नाहीं आणि ऊन नळाचा चटका लहान मुलांस बसत नाहीं. यांपैकीं एकही गोष्ट उणी असेल, तर उघडा नळच हितकर. तो कुरूप दिसला तरी गळूं लागतांच सांगतो.

आपल्यापैकीं कित्येक विद्यार्थी उद्यां अभियंते, गवंडी, प्लंबर होतील व पुष्कळ जण घरमालक होतील. जें काम सर्वांस दिसतें तें चांगलें करण्यास लोकांचा धाक पुरेसा असतो. जें गिलाव्याखालीं जातें त्यास करणाऱ्याची सचोटी हाच एक पहारा. खजाना विहिरीच्या भुयारी वाटा बांधणाऱ्यांचें काम चार शतकांहून अधिक काळ भूमीखालीं आहे. तें कोणास दिसत नाहीं. पण पाणी वाहतें, यावरून तें चांगलें होतें हें कळतें.